शेकरवरच्या कल्चरला ऑक्सिजन पुरतोय का? फ्लास्क धुण्यापासून नोंदवहीपर्यंत सगळं क्रमाने

२५० मिलीचा फ्लास्क, त्यात १०० मिली एलबी (बॅक्टेरिया वाढवायचा नेहमीचा मीडिया, म्हणजे पोषक द्रव), ३७ डिग्री, शेकरवर (फ्लास्क गोल हलवणारं मशीन) १८० आरपीएम, ओव्हरनाईट. सकाळी ओडी (कल्चर किती गढूळ, म्हणजे सेल्स किती, याचा आकडा) कशीबशी २ आणि मग प्रश्न येतो, "मॅम, इनॉक्युलम खराब होतं का?" इनॉक्युलम (सुरुवातीला घातलेलं बियाण्याचं कल्चर) ठीक होतं, मीडियाही ठीक होता, फक्त त्या बॅक्टेरियांना हवा पुरली नाही. एमएस्सी प्रोजेक्टची मुलं, नवीन जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो), अगदी कंपनीत चार-पाच वर्षं काढून आलेले लोक, सगळ्यांच्या हातून हे इतक्यांदा चुकताना बघितलंय की शेवटी सगळं एका जागी लिहून काढतेय. मुख्यतः ई. कोलाय आणि यीस्टसाठी लिहितेय, बुरशी, प्लेट आणि सीएचओ (हॅमस्टरच्या अंडाशयातल्या) सेल्सचं शेवटी थोडक्यात आहे.

पायऱ्यांच्या आधी एकच हिशोब बघा, कारण तो डोक्यात बसला की पुढचं सगळं आपोआप पटतं.

हवेशी समतोल असलेल्या पाण्यात ३७ डिग्रीला लिटरमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, म्हणजे ०.२ मिलिमोल. मीडियात मीठ-साखर असते त्यामुळे थोडा कमीच धरा. आता जोमात वाढणारा ई. कोलाय एका ग्रॅम कोरड्या वजनामागे तासाला १० ते २० मिलिमोल ऑक्सिजन खातो. ओडी ३ म्हणजे लिटरला जेमतेम १ ग्रॅम सेल्स. १५ मिलिमोल धरले तर ०.२ मिलिमोलचा साठा किती वेळ पुरेल? पाऊण मिनिट! त्यामुळे मीडियातला ऑक्सिजन म्हणजे बिल्डिंगच्या टाकीत साठवलेलं पाणी समजू नका, ते थेट नळाचं पाणी आहे, नळ बंद झाला की बादलीत आहे तेवढंच. शेकर हा तो नळ. आणि नळ किती उघडा आहे हे फक्त आरपीएमवर ठरत नाही. फ्लास्कचा आकार, त्यातला व्हॉल्यूम, शेकरचा ऑर्बिट, आरपीएम आणि तोंडावरचा बोळा असं पाचांचं मिळून ठरतं, आणि यातल्या चार गोष्टी कोणी लिहूनच ठेवत नाही.

१. आधी शेकर ओळखा

बहुतेक लॅबमध्ये शेकर पाच-सहा जण वापरतात आणि त्याचा ऑर्बिट किती, हे त्यातल्या एकालाही सांगता येत नाही. ऑर्बिट म्हणजे प्लॅटफॉर्म ज्या गोलात फिरतो त्या गोलाचा व्यास. टेबलटॉप शेकरना बऱ्याचदा १९ किंवा २५ मिमी असतो, मोठ्या फ्लोअर मॉडेलना २५ किंवा ५० मिमी, आणि प्लेटवाल्या छोट्या शेकरना ३ मिमी.

मॅन्युअल हरवलंय? हरकत नाही, मोजायला पाच मिनिटं लागतात. प्लॅटफॉर्मवर चिकटपट्टीने एक कोरा कागद घट्ट लावा, बाजूला बर्नर स्टँड ठेवून त्याच्या क्लॅम्पमध्ये पेन असं अडकवा की टोक कागदाला हलकं टेकेल, पेन अजिबात हलायला नको, आणि शेकर अगदी हळू, ४०-५० आरपीएमला, दोन-तीन फेरे फिरवा. कागदावर नीट एक वर्तुळ उमटतं, त्याचा व्यास पट्टीने मोजा, तोच तुमचा ऑर्बिट. वर्तुळाऐवजी लांबट अंडाकृती आली तर पेन हलतंय किंवा बेअरिंग गेलंय. आकडा मार्करने शेकरच्या झाकणावर लिहून टाका, पुढच्या बॅचची मुलं दुवा देतील.

हे एवढं जीव तोडून का सांगतेय तर मी स्वतः यात तीन आठवडे घालवलेत. लॅबमध्ये जुना ५० मिमीचा शेकर होता, तो बंद पडला आणि त्या जागी १९ मिमीचा आला. प्रोटोकॉलमध्ये "१६० आरपीएम" लिहिलेलं, आम्ही नव्या शेकरवर पण १६० च लावले, आणि प्रोटीन एक्स्प्रेशन (बॅक्टेरियाकडून प्रोटीन बनवून घेणं) निम्म्यावर. आम्ही प्लास्मिड (त्या प्रोटीनचा जीन असलेलं डीएनए) परत ट्रान्सफॉर्म केला, म्हणजे बॅक्टेरियात घातला, आयपीटीजी (प्रोटीन बनवणं सुरू करणारं केमिकल) नवीन मागवलं, मीडियाचा लॉट बदलला. शेकरकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही कारण डिस्प्लेवर आकडा तोच होता ना!

ऑर्बिट बदलला की आरपीएम किती ठेवायचे, यासाठी लोक वर्गमुळाचा नियम लावतात: नवे आरपीएम म्हणजे जुने आरपीएम गुणिले (जुना ऑर्बिट भागिले नवा ऑर्बिट) याचं वर्गमूळ. २५ मिमीला २०० असतील तर १९ मिमीला २२९ आणि ५० मिमीला १४१. यात फ्लास्कवरचा केंद्रापसारक जोर सारखा राहतो. पण ऑक्सिजन सारखा राहत नाही, आणि ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. साध्या फ्लास्कवरच्या मोजमापांत ऑक्सिजन ट्रान्सफर आरपीएमच्या साधारण १.१ ते १.२ घाताने वाढतो आणि ऑर्बिटच्या ०.३ ते ०.४ घाताने, त्या हिशोबाने २५ वरून ५० मिमीला जाताना २०० ऐवजी १६० च्या आसपास लागतात, १४१ पुरत नाहीत. मी तरी वर्गमुळाचा आकडा फक्त सुरुवातीचा अंदाज म्हणून घेते आणि पायरी ७ मधली टेस्ट लावून मगच पक्का करते.

तपासा: डिस्प्लेवरच्या आरपीएमवर विश्वास नको. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये १५ सेकंद व्हिडिओ काढा, फेरे मोजा, ४ ने गुणा. हे फ्लास्क भरलेले असतानाच करायचं, कारण जुन्या शेकरवर पूर्ण लोड पडला की स्पीड पडतो.

तपासा: टेंपरेचर पण फ्लास्कमधल्या पाण्यात थर्मामीटर बुडवून बघा. मे महिन्यात मुंबईत एसी नसलेल्या खोलीत कूलिंग नसलेला शेकर २५ डिग्रीला सेट केला तरी आत ३२-३३ च असणार, वर मोटरची उष्णता वेगळी. यीस्टवाले दरवर्षी यात फसतात.

थांबा: पुढे-मागे हलणारा शेकर आणि गोल फिरणारा शेकर एक नव्हे. एकावरचे आरपीएम दुसऱ्याला लावू नका, त्यांच्यात कुठलंच सरळ रूपांतर नाही.

२. फ्लास्क निवडा, आणि व्हॉल्यूम कमी करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सविस्तर.

साध्या, म्हणजे बॅफल (आतल्या भिंतीला दिलेल्या खाचा) नसलेल्या कोनिकल फ्लास्कमध्ये बॅक्टेरियांसाठी व्हॉल्यूम फ्लास्कच्या १० ते २० टक्के. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये २५ ते ५० मिली. ५०० मध्ये ५० ते १००. लिटरच्या फ्लास्कमध्ये अर्धा लिटर टाकून "जागा वाचली" म्हणणारे लोक मी बघितलेत, त्या फ्लास्कमध्ये वरवर जरा हलणारा एक खोल डबका तयार होतो, बाकी काही नाही.

कारण सोपं आहे. फ्लास्क फिरतो तेव्हा पाणी भिंतीला चिकटून चंद्रकोरीसारखं वर चढतं आणि कोर पुढे सरकली की मागे काचेवर एक पातळ थर राहतो. हवा विरघळते ती या थरात आणि त्या कोरीच्या पृष्ठभागावर. व्हॉल्यूम दुप्पट केला तर पृष्ठभाग थोडासाच वाढतो पण ऑक्सिजन मागणारी तोंडं दुप्पट होतात. हिशोबात सांगायचं तर ट्रान्सफर व्हॉल्यूमच्या उलट दिशेने साधारण ०.७५ ते ०.८ घाताने बदलतो, म्हणजे व्हॉल्यूम निम्मा केला की लिटरमागे मिळणारा ऑक्सिजन जवळजवळ पावणेदोनपट होतो. तेच आरपीएम वाढवून मिळवायचं म्हटलं तर २०० वरून ३०० च्या वर जावं लागेल, आणि तिथपर्यंत बऱ्याच शेकरचे क्लॅम्प आणि शेजारच्या टेबलावरचा वजनकाटा दोन्ही रडायला लागतात. म्हणून माझं ठाम मत आहे, आधी व्हॉल्यूम कमी करा, मग आरपीएमला हात लावा. १०० मिली कल्चर हवंय? २५० चे चार फ्लास्क लावा, २५-२५ मिलीचे, एकत्र करा.

बॅफलवाले फ्लास्क घ्यावेत का? ऑक्सिजन वाढतो हे खरं. पण फेस होतो, पाणी उडून बोळा भिजतो, आणि एका फ्लास्कची बॅफल दुसऱ्यासारखी नसेल तर दोन फ्लास्कचे रिझल्ट जुळत नाहीत. शिवाय स्पीड वाढवत नेला की एका टप्प्यावर पाणी फिरायचंच सोडून देतं (हे पायरी ४ मध्ये दाखवते). एक्स्प्रेशन कल्चरला मी वापरते, पण १५०-१८० च्या वर नेत नाही आणि ग्रोथ कर्व्हसाठी तर वापरतच नाही.

धुण्याचं पण बघा. वर म्हटलेला काचेवरचा पातळ थर स्वच्छ काचेवरच टिकतो. फ्लास्कमध्ये साधं पाणी फिरवून ओता, आतली काच सलग ओली दिसली पाहिजे. जागोजागी थेंब जमले तर आत तेलकटपणा किंवा जुन्या अँटिफोमचा (फेस मारणारं द्रव्य) अंश आहे, परत धुवा. साबण राहिला तर वेगळाच ताप, म्हणून शेवटी डिस्टिल्डने तीन वेळा. प्लास्टिकचा फ्लास्क पाण्याला चिकटू देत नाही, त्यामुळे त्यात हा थर नीट बनत नाही, आणि म्हणूनच काचेच्या आणि प्लास्टिकच्या फ्लास्कची थेट तुलना करू नये.

थांबा: एकाच प्रयोगातले सगळे फ्लास्क एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि शक्यतो एकाच खरेदीतले घ्या. मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून वेगवेगळ्या वेळी आणलेले "२५० मिली" शेजारी ठेवून बुडाची रुंदी पट्टीने मोजून बघा. ट्रान्सफर या रुंदीच्या जवळजवळ वर्गाने बदलतो, ५ टक्के फरक म्हणजे ऑक्सिजनमध्ये १० टक्के.

३. बोळा

कापूस नॉन-अॅब्सॉर्बंटच हवा. मेडिकलच्या दुकानातला सर्जिकल कापूस पाणी शोषतो, ऑटोक्लेव्हमधूनच ओला होऊन येतो आणि ओल्या कापसातून हवाही नीट जात नाही आणि कंटॅमिनेशनला वाट मिळते ती वेगळीच. बोळा हाताने ओढल्यावर हलका "पक्" आवाज करून निघेल इतपतच घट्ट. पिळून पिळून दगडासारखा केलेला बोळा म्हणजे जवळपास बूच.

ऑटोक्लेव्हला जाताना बोळ्यावर फॉईल लावतो ते बरोबर, पण शेकरवर ठेवताना ते फॉईल काढायचं किंवा निदान अगदी सैल करायचं. फॉईल आणि वर रबरबँड घट्ट बांधून रात्रभर फिरत असलेले फ्लास्क मी दर महिन्याला बघते, आणि दर वेळी थांबून सोडवते. स्क्रू कॅपच्या बाटल्या वापरत असाल तर साधं झाकण अर्धा फेरा सैल, किंवा मेंब्रेनवालं व्हेंट कॅप.

आता पावसाळा. जुलैत एका लॅबमध्ये सहा फ्लास्क लावले होते, सगळं सेम, तरी सकाळी चारांची ओडी ६ च्या वर आणि दोघांची ३. काहीच सापडेना. शेवटी बोळे काढून हातात धरले तर त्या दोघांचे बोळे दमट, जड, दाबले तर बोटाला पाणी लागत होतं. ऑटोक्लेव्हनंतर ते बाकीच्यांसारखे ओव्हनमध्ये गेलेच नव्हते, नुसते टेबलावर ठेवले होते, आणि आपल्याकडे जुलैत टेबलावर काय वाळतं? तेव्हापासून ऑटोक्लेव्हनंतर सगळे बोळे फ्लास्कसकट ६० डिग्रीच्या ओव्हनमध्ये, हात लावून कोरडे लागेपर्यंत. जून ते सप्टेंबर ही पायरी गाळायची नाही.

तपासा: रन संपल्यावर बोळ्याची खालची बाजू बघा. ओली असेल तर त्या फ्लास्कचा डेटा बाजूला ठेवा, आणि पुढच्या वेळी व्हॉल्यूम किंवा स्पीड कमी करा.

४. आधी नुसतं पाणी फिरवून बघा

कल्चर लावायच्या आदल्या दिवशी, त्याच फ्लास्कमध्ये, त्याच व्हॉल्यूमचं पाणी, त्यात थोडी मिथिलीन ब्लू. लावायचेत ते आरपीएम लावा आणि वरून टॉर्च मारून बघा.

चांगलं दिसतं ते असं: पाण्याची कोर भिंतीला धरून प्लॅटफॉर्मच्या तालात गोल फिरते, एकाच उंचीपर्यंत चढते, आणि तिच्या मागे काच निळसर ओली राहते. वाईट ते असं: पाणी मध्येच डुचमळतं, जागच्या जागी थरथरतं, फ्लास्क फिरतोय पण पाणी त्याच्या मागे जात नाही. याला आउट ऑफ फेज म्हणतात. जर्मनीत आखेनच्या विद्यापीठात योखेन ब्यूक्स यांच्या गटाने २००० च्या आसपास हे नीट मोजून दाखवलं. अशा वेळी आरपीएम वाढवले तरी फ्लास्कला जाणारी ऊर्जा पाण्यात उतरतच नाही, मिक्सिंग आणि ऑक्सिजन दोन्ही कोसळतात. छोटा ऑर्बिट, बॅफल, फार कमी व्हॉल्यूम आणि घट्ट मीडिया, यातलं दोन-तीन एकत्र आलं की हे होतं. उपाय म्हणजे मोठ्या ऑर्बिटचा शेकर शोधा, ते जमत नसेल तर बॅफल काढा.

मिक्सिंग बघायचं तर साध्या पाण्यावर, फिरत असतानाच, बोळा काढून पिपेटने रंगाचा एक थेंब टाका. बॅक्टेरियाच्या पातळ मीडियात तो काही सेकंदात विरतो, तिथे मिक्सिंगची काळजी करायची गरज नसते, अडतो तो ऑक्सिजनच. रंगाचा पट्टा दहा-पंधरा सेकंद दिसत राहिला तर मात्र पीएच सेट करताना, ग्लुकोज फीड करताना त्रास होणार.

५. कल्चर लावताना क्रम

१) मीडिया फ्लास्कमध्येच ३७ ला आणा, शेकरवर अर्धा तास फिरवून. फ्रिजमधला थंड मीडिया घालून लगेच इनॉक्युलेट केलं की लॅग (वाढ सुरू व्हायच्या आधीचा थांबा) लांबते, आणि दोन फ्लास्कमध्ये ती वेगवेगळी लांबते.

२) इनॉक्युलम ताजं, वाढत असलेलं घ्या. रात्रभर ऑक्सिजनशिवाय बसलेलं कल्चर सीड म्हणून वापरलं तर त्याचा हँगओव्हर मुख्य फ्लास्कमध्ये दिसतो. सुरुवातीची ओडी ०.०५ ठेवा.

३) फ्लास्क समोरासमोर, वजन सारखं वाटून. क्लॅम्पची स्प्रिंग बसली का ते बोटाने हलवून बघा.

४) इनॉक्युलेशन झाल्या झाल्या फ्लास्क शेकरवर. सगळे बारा होईपर्यंत पहिले चार टेबलावर उभे नकोत.

५) शेकर हळू सुरू करून मिनिटभरात पूर्ण स्पीडला न्या, एकदम २०० दिलं तर पाणी उडून बोळा भिजतो.

फेस येतो म्हणून अँटिफोम घालणार असाल तर थेंबाने, ०.०१ टक्क्यापासून सुरू. अँटिफोम फेस मारतो पण ऑक्सिजन ट्रान्सफरही खाली आणतो, त्यामुळे कंट्रोलमध्ये पण तेवढंच घालायचं.

"ओव्हरनाईट" या शब्दाबद्दल एक सांगायचंय. ०.०५ ओडीने सुरू केलेलं, २५ मिनिटांत दुप्पट होणारं कल्चर ओडी ४ ला पोचायला सहा-सव्वासहा डबलिंग घेतं, म्हणजे अडीच-पावणेतीन तास, लॅग धरून साडेतीन. साध्या फ्लास्कमध्ये ऑक्सिजन अपुरा पडायला लागतो तो साधारण इथेच. तुम्ही साडेसहाला फ्लास्क लावून विरार लोकल पकडली, घरी जाऊन जेवलात, तोवर दहाला ते कल्चर ऑक्सिजनला मोताद झालेलं असतं आणि सकाळी दहापर्यंत बारा तास तसंच फिरत राहतं. नुसतं प्लास्मिड काढायचं असेल तर चालतं. फिजिऑलॉजी, एन्झाइम, एक्स्प्रेशन बघायचं असेल तर नाही चालत, मग सकाळी लवकर लावा आणि दिवसा सोबत बसा.

६. सॅम्पल घेणं

हिशोब आठवा, ओडी ३ ला साठा पाऊण मिनिटाचा. आता सहा फ्लास्क शेकरवरून काढून, लॅमिनारमध्ये (निर्जंतुक हवेचं कपाट) नेऊन, प्रत्येकातून सॅम्पल घेऊन, परत लावेपर्यंत सात-आठ मिनिटं जातात. दर तासाला हे केलं तर तुम्ही दर तासाला कल्चरला गुदमरवताय. आणि ग्रोथ कर्व्हवर मग विचित्र पायऱ्या दिसतात त्यांना लोक "डायऑक्सी" (एक साखर संपून दुसरी सुरू होताना वाढ थबकणं) म्हणून मोकळे होतात.

बीएस्सीला दुधाची एमबीआरटी (मिथिलीन ब्लूचा रंग किती वेळात उडतो ती) टेस्ट सगळ्यांनी केलीये, तीच इथे डोळ्याने बघा. दाट कल्चरचं ५ मिली टेस्ट ट्यूबमध्ये घ्या, मिथिलीन ब्लूचा एक थेंब, हलवा, उभी ठेवा. निळा रंग बघता बघता खालून उडायला लागतो, वर हवेला लागून एक पातळ निळी रेघ तेवढी राहते. परत हलवली की परत निळी. ज्या मुलांना मी हे एकदा दाखवलंय ती पुन्हा फ्लास्क टेबलावर ठेवून गप्पा मारत नाहीत.

म्हणून: एका वेळी एकच फ्लास्क काढा, बाकीचे फिरते ठेवा. क्युवेट, ट्यूब, पिपेट सगळं आधी मांडून ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक टाइम पॉइंटला वेगळा फ्लास्क, एकदा काढला की संपला. फ्लास्क जास्त लागतात पण व्हॉल्यूमही बदलत नाही. २५ मिलीतून १ मिली दहा वेळा काढलं तर शेवटी १५ मिलीच उरतं आणि ऑक्सिजनची परिस्थिती वेगळीच झालेली असते, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

ओडी ०.४ च्या वर गेली की डायल्यूट करूनच वाचा. न डायल्यूट केलेली "१.८" ही बहुतेक वेळा १.८ नसते.

७. ऑक्सिजन कमी पडतोय का, हे ओळखायची सगळ्यात स्वस्त टेस्ट

तीन सारखे फ्लास्क, २५० मिलीचे. एकात २५, एकात ५०, एकात १०० मिली. तोच मीडिया, तेच इनॉक्युलम, तेवढीच सुरुवातीची ओडी, तोच शेकर. तासातासाने ओडी, आणि लॉग स्केलवर काढा.

तिन्ही रेषा एकावर एक चालतायत तोपर्यंत कोणालाच ऑक्सिजन कमी नाही. ज्या ओडीला १०० मिलीवाली रेष वाकते तिथे तिचा ऑक्सिजन संपला, मग ५० ची वाकेल, शेवटी २५ ची. वाकल्यानंतर साध्या स्केलवर ती जवळजवळ सरळ रेषेत चढते, कारण आता वाढ सेल्सच्या क्षमतेवर नाही, नळातून येणाऱ्या ऑक्सिजनवर चाललीये. तुमचं इंडक्शन (आयपीटीजी घालून प्रोटीन सुरू करणं), सॅम्पलिंग, जे काही मोलाचं आहे ते वाकण्याच्या आधीच्या ओडीला करा. २५ मिलीची रेष पण तुमच्या कामाच्या ओडीच्या आत वाकत असेल तर आरपीएम वाढवा किंवा इंडक्शननंतर टेंपरेचर खाली आणा: १८ डिग्रीला पाण्यात लिटरमागे साडेनऊ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो आणि सेल्सची भूक पण मंदावते.

पीएचवरून अंदाज घेताना सांभाळा. ग्लुकोज घातलेल्या मीडियात ऑक्सिजन कमी पडला की ई. कोलाय अॅसिटेट, लॅक्टेट, फॉर्मेट टाकतो आणि पीएच धाडकन खाली येतो. पण ग्लुकोज भरपूर असेल तर हवा पुरत असतानाही अॅसिटेट बनतं, आणि साध्या एलबीत तर बॅक्टेरिया अमिनो आम्लं खातात म्हणून चांगल्या वाढीत पीएच वर जातो, ८ च्या पुढे. नुसत्या पीएचवर निकाल देऊ नका, वरच्या तीन फ्लास्कशी जोडून बघा.

८. आकडा हवाच असेल तर सल्फाइट टेस्ट

ही कल्चरशिवाय होते. ०.५ मोलर सोडियम सल्फाइट, थोडा फॉस्फेट बफर, ब्रोमोथायमॉल ब्लू रंग येईल इतपत, आणि कॅटॅलिस्ट म्हणून कोबाल्ट सल्फेट फक्त १० चा उणे ७ वा घात मोलर. पीएच ८, रंग निळा. फ्लास्कमध्ये नेहमीचा व्हॉल्यूम घालून शेकर चालू करा, वेळ लिहा. हवेतला ऑक्सिजन सल्फाइटचं सल्फेट करत राहतो, सल्फाइट संपलं की पीएच कोसळतो आणि निळ्याचं पिवळं होतं. ती वेळ लिहा.

लिटरमागे ५०० मिलिमोल सल्फाइटला २५० मिलिमोल ऑक्सिजन लागतो. म्हणून २५० भागिले तास. १० तासांत पिवळं झालं तर २५ मिलिमोल प्रति लिटर प्रति तास. साध्या फ्लास्कला रोजच्या सेटिंगवर १० ते ४० च्या घरात आकडा येतो.

थांबा: हा आकडा मीडियाला जसाच्या तसा लावू नका, मिठाचं पाणी वेगळं वागतं. दोन फ्लास्क, दोन शेकर, दोन बोळे यांची तुलना करायला मात्र यासारखी टेस्ट नाही. सल्फाइट उघडं ठेवलं की आधीच ऑक्सिडाइझ होतं, म्हणून ताजं बनवा, एकाच बाटलीतलं वापरा. कोबाल्ट विषारी आहे, सिंकमध्ये ओतू नका, केमिकल वेस्टमध्ये टाका.

९. प्लेट, बुरशी, सीएचओ

डीप-वेल प्लेटमध्ये वेल, म्हणजे प्लेटमधला खळगा, इतकी अरुंद असते की पृष्ठताणच पाण्याला धरून ठेवतो. ३ मिमी ऑर्बिटवर ९६ वेलच्या गोल वेलमध्ये सातशे-आठशे आरपीएमच्या खाली पाणी बऱ्याचदा हलतच नाही, तळाशी सेल्स बसतात आणि आपल्याला वाटतं शेक होतंय. रंगीत पाणी घालून, बाजूने मोबाईलने व्हिडिओ काढून बघा. २४ वेलच्या चौकोनी प्लेटला हा त्रास कमी.

बुरशी आणि स्ट्रेप्टोमायसीसमध्ये (बुरशीसारखे धागे करणारे बॅक्टेरिया) दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मीडियाच घट्ट होतो. पायरी ४ ची पाण्याची टेस्ट तिथे पहिल्या दिवसापुरतीच खरी, त्यामुळे रोज एकदा टॉर्च मारून कोर फिरतेय का ते बघायचं. लांब रन असेल तर फ्लास्कचं वजन पहिल्या दिवशी आणि रोज. एसीच्या कोरड्या हवेत ३७ ला छोट्या व्हॉल्यूममधून पाणी बरंच उडतं आणि मग ओडी वाढलेली दिसते ती निम्मी नुसतं पाणी आटल्यामुळे असते.

सीएचओची गोष्ट उलटी आहे. मिलीमागे ५० लाख सेल्स असल्या तरी मागणी तासाला लिटरमागे एक-दोन मिलिमोलच्या आसपास, बॅक्टेरियाच्या दहाव्या हिश्शाइतकी. १२५ मिलीच्या फ्लास्कमध्ये ३० मिली, २५ मिमी ऑर्बिटला १२०-१३० आरपीएम, व्हेंट कॅप, ५ ते ८ टक्के सीओटू. इथे लोक बॅक्टेरियाच्या सवयीने स्पीड वाढवतात आणि फेसाने सेल्स मारतात. स्पीड फार कमी केला तर मात्र सेल्स तळाला बसून गुठळ्या करतात, मध्ये पांढरा ठिपका दिसला की १० आरपीएम वाढवा.

१०. नोंदवहीत काय लिहायचं

"३७ डिग्री, २०० आरपीएम" एवढं लिहून वही बंद करू नका. असं लिहा: २५० मिली साधा काचेचा फ्लास्क, बुडाशी रुंदी ८२ मिमी, व्हॉल्यूम २५ मिली, ऑर्बिट २५ मिमी, मोजलेले आरपीएम १९६, नॉन-अॅब्सॉर्बंट कापसाचा बोळा, ओव्हनमध्ये वाळवलेला, शेवटी कोरडा, अँटिफोम नाही, शेकर एकूण ६ मिनिटं बंद. ही एक ओळ आहे, लिहायला अर्धा मिनिट. थिसिसच्या मेथड्समध्येही हीच ओळ जाऊ द्या, गाइड "इतकं कशाला" म्हणाले तरी ऑर्बिट आणि व्हॉल्यूम हे दोन काढू देऊ नका, ते नसतील तर दुसऱ्या लॅबमध्ये तुमचं कल्चर कोणालाच परत वाढवता येणार नाही.